हसणाऱ्या बायकांचा सिनेमा

३० जून २०२३ला ‘बाईपण भारी देवा’ प्रदर्शित झाला आणि पुढचे काही आठवडे मराठी थिएटरांत क्वचितच दिसणारं दृश्य दिसत राहिलं. बायका गटागटाने येत होत्या. नऊवारी नेसून, नथ घालून, गजरे माळून. खेळ संपला की पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत फुगड्या घालत होत्या. केदार शिंदे यांच्या या सिनेमाने बघता बघता पन्नास कोटींचा टप्पा ओलांडला. त्यात तरुण नायक नव्हता, मारामारी नव्हती. सहा बहिणी, त्यांच्यातले जुने रुसवे आणि मंगळागौरीची स्पर्धा, एवढाच ऐवज. त्यातल्या बहुतेक नायिकांचं वय असं की एरवी त्यांच्या वाट्याला कुणाच्या तरी आईची किंवा सासूची भूमिका येते.

या यशावर गंभीर वाचणाऱ्या-बघणाऱ्या मंडळींमध्ये जे बोललं गेलं, ते मला तेव्हाही खटकलं आणि अजून खटकतं. “बायकांचा सिनेमा आहे, चालणारच.” “टाइमपास म्हणून ठीक.” “नटूनथटून बघायला जायचा इव्हेंट झालाय त्याचा.” सिनेमा आवडला नाही, असं कुणीही म्हणावं; त्याची कारणं सांगावीत, मी ऐकेन. पण इथे सिनेमाबद्दल फारसं कुणी बोलतच नव्हतं. बोललं जात होतं ते त्या प्रेक्षकांबद्दल. बायका हसायला आल्या आहेत, म्हणजे समोर जे चाललंय ते किरकोळच असणार, असा हिशोब त्यामागे होता. माझा वाद त्या हिशोबाशी आहे.

बायका गर्दी करून सिनेमाला जातात, हे मराठी निर्मात्यांना २०२३ साली कळलं असं नाही. १९९१ साली विजय कोंडके यांच्या ‘माहेरची साडी’ने हे सगळ्यांना दाखवून दिलं होतं. त्या सिनेमाला गावोगावच्या बायका लोटल्या आणि डोळे पुसत बाहेर पडल्या. अलका कुबल यांचा तो चेहरा एका पिढीच्या मनात कायमचा बसला. पुढे टीव्हीवरच्या मालिकांनी हाच धडा गिरवला. सून सोसते, सोसते म्हणून चांगली ठरते, आणि चांगली ठरते म्हणून तिला आणखी सोसावं लागतं. बायकांच्या रडण्याचा बाजार आपल्याकडे पक्का बसलेला आहे. त्यावर टीका झाली, थट्टाही झाली, पण त्या रडण्याला एक वजन मात्र होतं. बाई रडते म्हणजे काहीतरी खरं चाललंय, एवढं सगळेच मान्य करत होते.

१९ नोव्हेंबर २०२१ला हेमंत ढोमे यांचा ‘झिम्मा’ आला. करोनामुळे बंद असलेली राज्यातली थिएटरं २२ ऑक्टोबरला निम्म्या आसनांवर नुकतीच उघडली होती. घरात कोंडून काढलेल्या दीड वर्षानंतर बायकांनी त्या अर्ध्या खुर्च्या भरल्या. कथा काय, तर वेगवेगळ्या वयाच्या सात बायका टूरबरोबर इंग्लंडला जातात. हा प्रेक्षक जुनाच होता. नवीन होतं ते हे की पडद्यावरच्या बाईला आपल्याला आवडण्यासाठी आधी मार खावा लागत नव्हता, त्याग करावा लागत नव्हता, मरावं तर मुळीच लागत नव्हतं. ती बॅग भरून निघाली होती. माझ्या मते हे फार मोठं स्थित्यंतर आहे, आणि ते विनोदी सिनेमातून आलं म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

आपल्या बायका अशा हसण्याला नवख्या नाहीत. नवरात्रात पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची, हा भोंडला ज्यांनी खेळला आहे त्यांना कारल्याच्या वेलाचं गाणं पाठ असतं. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, आधी कारल्याचा वेल लाव. ती लावते. आता वेलाला फूल येऊ दे. येतं. कारलं लागू दे. लागतं. भाजी कर. ती करते. सगळं झालं की सासू म्हणते, मला काय विचारतेस, सासऱ्यांना विचार. सासरे पुढच्याकडे बोट दाखवतात, तो त्याच्या पुढच्याकडे, आणि घरातली एकेक पायरी चढत प्रश्न अखेर नवऱ्यापाशी पोचतो. शेवट गावोगावी वेगळा. कुठे फणी येते, वेणी घातली जाते आणि पोर माहेरी निघते. कुठे फणीच्या जागी काठी येते.

हे गाणं परकरी मुलीही टाळ्या पिटत म्हणतात. पण घरातल्या परवानगीची उतरंड इतक्या नेमकेपणाने मांडणारं दुसरं काही मला माहीत नाही. एका बाईला चार दिवस आईकडे जायचंय, त्यासाठी एक वेल रुजून त्याला फळ धरेपर्यंत थांबायचं, आणि तरीही निर्णय कुणी घेतच नाही. हे ज्या बायकांनी रचलं, त्यांना आपल्या परिस्थितीची पुरेपूर जाणीव होती. वेड्या नवऱ्याचं गाणंही तसंच. बायकोने केलेले लाडू तो चेंडू समजून खेळायला घेतो, असं एकेक कडवं वाढत जातं. ज्या घरात नवऱ्याचं नावही घ्यायची चोरी होती, त्याच घराच्या अंगणात नवऱ्याच्या अकलेवर गाणं रचून ते सगळ्या आळीसमोर म्हणायची सोय बायकांनी करून ठेवली होती. ‘झिम्मा’तल्या बायका विमानात बसतात तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो कारल्याचा वेल येतो. या सिनेमांची मुळं शोधायला परदेशी कादंबऱ्यांकडे जायची गरज मला वाटत नाही. ती आपल्या फेराच्या गाण्यांत आहेत.

आता दुसरी बाजू बघा. मराठी माणसाने विनोदाला कधी कमी लेखलेलं नाही. कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. ही नावं आपण अभिमानाने घेतो. पु. लं.च्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ आजही टीव्हीवर लागला की चॅनल बदललं जात नाही. त्यातले संवाद आपण घरात बोलण्यातही वापरतो. हे सगळं मलाही प्रिय आहे. पण पुरुषांच्या बिऱ्हाडातला, पुरुषांच्या दोस्तीतला, पुरुषांच्या फजितीचा विनोद हा साऱ्या महाराष्ट्राचा विनोद ठरतो. जावाजावांचा, मैत्रिणींचा, पाळी जाण्याच्या वयातल्या चिडचिडीचा विनोद मात्र ‘बायकांचा’ ठरतो. चार तरुणांना खोली मिळत नाही, यावर बेतलेली धमाल सर्वांसाठी असते. बाईला स्वतःच्या पैशाने सहलीला जायचं असतं, ती धमाल निम्म्याच लोकांसाठी, असं आपण न बोलता धरून चालतो. इतिहासातली ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की बायकाही “आमचं आपलं हलकंफुलकं” म्हणत आधीच माफी मागून मोकळ्या होतात. ती माफी त्यांनी मागू नये.

हलकं का हवं असतं, याचं एक कारण अगदी साधं आहे आणि ते घड्याळात सापडतं. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात असं दिसलं, पुरुषांची ८८. त्यातही ही सरासरी घरकामाला हात लावणाऱ्यांचीच आहे. जे पुरुष अजिबात करत नाहीत ते त्या ८८मध्ये धरलेलेच नाहीत. पावणेपाच तासांहून जास्त काम, आणि तेही सलग नाही. कणीक मळून झाकून ठेवायची, मध्येच दूधवाला, मध्येच सासऱ्यांचं औषध, मग पोळ्या. अशा दिवसात जो मोकळा वेळ मिळतो तो तुकड्यातुकड्यांनी मिळतो. पाचशे पानांची गुंतागुंतीची कादंबरी त्यात वाचता येत नाही असं नाही, पण दर वेळी धागा पुन्हा पकडण्याची मेहनत ज्याची त्यालाच ठाऊक.

मराठीत बायकांच्या मासिकांनी हे फार लवकर ओळखलं. किर्लोस्करांचं ‘स्त्री’ १९३०मध्ये निघालं. पुढे ‘माहेर’, ‘मेनका’ आली, दिवाळी अंक आले. पाठोपाठ सुमती क्षेत्रमाडे, योगिनी जोगळेकर, स्नेहलता दसनूरकर यांची पुस्तकं सर्क्युलेटिंग लायब्ररीतून घरोघर फिरली. आमच्या आळीतल्या लायब्ररीत या पुस्तकांना ब्राऊनपेपरची कव्हरं असत, कोपरे दुमडलेले, मध्ये कुठेतरी हळदीचं बोट उमटलेलं. शेवटचं पान फाटलेलं असलं तर आधी वाचलेली बाई पुस्तक परत करायला आली की तिलाच शेवट विचारायचा, असा रिवाज होता. समीक्षेच्या पुस्तकांत या लेखिकांना फार जागा नाही. पण लग्नानंतर शाळा सुटलेल्या कितीतरी बायकांचा वाचनाशी संबंध टिकला तो यांच्यामुळे. त्यांची भाषा सोपी होती, प्रकरणं आटोपशीर होती, आणि नायिका त्यांच्याच उंबऱ्याच्या आतली होती. एखादा वाङ्मयप्रकार ज्यांच्यासाठी लिहिला जातो त्यांच्या आयुष्याचा आकार घेतो. दोन बस बदलून घरी येणारी, आल्यावर ओट्यापाशी उभी राहणारी बाई रात्री साडेदहाला जे वाचते किंवा मोबाइलवर बघते, त्यात तिला दमवणारं काही नको असेल, तर ती उथळ आहे असा निष्कर्ष काढणाऱ्याने आधी तिचा दिवस बघावा.

‘बाईपण…’ मी जुलैत एका तालुक्याच्या गावी पाहिला. जुनं थिएटर, पंखे आवाज करणारे, दुपारी बाराचा खेळ. पुढच्या दोन रांगा एका भिशीने धरल्या होत्या. भिशीच्या पैशातूनच तिकिटं काढलेली. पडद्यावर बहिणी एकमेकींना टोमणे मारू लागल्या की पुढच्या रांगेतून कोपर ढोसलं जाई, “बघ, तुझंच चाललंय.” आणि जिला ढोसलं ती जाऊबाई सगळ्यात मोठ्याने हसे. मध्यंतरात स्टीलचा डबा उघडला, चिवडा ओंजळीओंजळीने रांगेच्या टोकापर्यंत गेला, माझ्यापर्यंतही आला. साठीच्या एका बाईंचा फोन वाजला. “आमटी झाकून ठेवलीय, गरम करून घ्या. नाही, आत्ता नाही येत. सिनेमात आहे.” शेजारची म्हणाली, “वहिनी, सांगून नव्हता आलात?” त्या म्हणाल्या, “सांगितलं होतं ना. विचारलं नव्हतं.” दुसऱ्या भागात एका भावुक प्रसंगी त्याच बाई पदराने डोळे पुसत होत्या. म्हणजे हसणं आलं म्हणून रडणं गेलं असंही नाही; पण यावेळी त्या जिच्यासाठी रडत होत्या ती पडद्यावर पुढच्याच मिनिटाला उठून उभी राहणार होती.

बायका सिनेमा एकट्याने बघतात तेव्हा, आणि अशा रांगेने बघतात तेव्हा, सिनेमा वेगळा होतो. मंगळागौर जागवायची ती रात्रभर, सगळ्या जणींनी मिळून. पिंगा, गोफ, लाट्या यातलं काहीही एकटीने खेळता येत नाही. या सिनेमांचं खरं आकर्षण मला तिथे दिसतं. सोबत हसल्याने एक गोष्ट उघड होते, की घरात जी कुचंबणा आपल्या एकटीच्या स्वभावाचा दोष वाटत होती, ती रांगेतल्या प्रत्येकीची आहे. एका विशिष्ट वाक्याला सबंध थिएटर हसतं, तेव्हा त्या वाक्यात सगळ्यांची एकच सासू असते. स्त्री-चळवळीने शिबिरांतून, पथनाट्यांतून हेच सांगितलं होतं. तिथवर ज्या बायका कधी पोचल्या नाहीत त्या इथे आल्या होत्या.

यावर एक आक्षेप येतो आणि तो घेणाऱ्यांमध्ये माझ्या आदराच्या कार्यकर्त्या आहेत. त्यांचं म्हणणं, हे हसणं म्हणजे कुकरची वाफ सोडणं आहे. तीन तास मन मोकळं होतं, बाई ताजीतवानी होते आणि घरी जाऊन पुन्हा त्याच ओट्यापाशी उभी राहते. बदलत काहीच नाही. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. सिनेमाने घर बदलत नाही, हे खरं. ‘माहेरची साडी’ने तरी कुठे बदललं? गंभीर, पुरस्कारप्राप्त सिनेमांनी तरी किती बदललं? बदलाची अट आपण फक्त बायकांच्या करमणुकीलाच का घालतो? क्रिकेटचा सामना बघून उठलेल्या पुरुषाला कुणी विचारत नाही की यातून समाजासाठी काय मिळालं. बाईच्या मोकळ्या वेळाचाही काहीतरी उपयोग झालाच पाहिजे, ही अपेक्षा त्याच २८९ मिनिटांच्या घरातून आलेली आहे.

तरीही या सिनेमांवर टीका व्हायला हवी, आणि ती मला माझ्याच बाजूने करायची आहे, कारण मला ते चांगले व्हायला हवे आहेत. पहिली गोष्ट, यातला तह फार लवकर होतो. आयुष्यभर बायकोला गृहीत धरलेला नवरा शेवटच्या वीस मिनिटांत एका दृश्यात वितळतो. पाणावलेले डोळे, मागे पार्श्वसंगीत, झालं. तो उद्या सकाळी चहा करणार आहे का, हे कुणी दाखवत नाही. दुसरी गोष्ट, मंगळागौर हा मुळात नवविवाहितेचा, सवाष्णींचा आणि बराचसा वरच्या जातींतल्या घरांचा सोहळा. विधवेला त्यात जागा नव्हती. आज शहरांत पन्नाशी-साठीच्या बायकांचे मंगळागौरीचे ग्रुप आहेत, श्रावणात ते मानधन घेऊन कार्यक्रम करतात, त्यात खेळणारणीला कुणी कुंकवाचा हिशोब विचारत नाही. हा बदल फार सुंदर आहे, पण सणाचा तो जुना इतिहास बाजूला ठेवून नुसती नथ आणि नऊवारी मिरवली तर गोष्ट पोकळ होते. आणि तिसरी, मला सगळ्यात जास्त टोचणारी: या सिनेमांत हसायला मिळतं ते कुणाला? शहरातल्या, बऱ्या परिस्थितीतल्या, परदेशाचं तिकीट काढू शकणाऱ्या किंवा निदान त्याचं स्वप्न बघू शकणाऱ्या बायकांना.

हलकेपणाने खोलवर जाता येतं याचा दाखला मराठीत शंभर वर्षांच्या आतला आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ दरम्यान पुस्तकरूपाने आली. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवायला लावणारे सोवळ्यातले वडील, घर सोडून जाणारा नवरा, धर्मांतरानंतरची ताटातूट, हाल, उपासमार. यातलं एकही पान रडगाणं गात नाही. अतोनात दुःखाची गोष्ट त्यांनी हसत सांगितली आणि त्यातलं एकही दुःख त्यामुळे लहान झालं नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने ही गोष्ट केली. आजच्या पटकथाकारांसमोर माप म्हणून मला हे पुस्तक ठेवावंसं वाटतं.

आणि मग ती हसायची संधी बाकीच्या बायकांपर्यंत न्यावी. बीडहून कारखान्याच्या फडावर जाणारी ऊसतोड बाई आपल्याला भेटते ती बातमीत, अहवालात, माहितीपटात, आणि दर वेळी दुःखाच्या चौकटीत. ते दुःख खरं आहे, ते दाखवलंच पाहिजे. पण तीही फडावर मैत्रिणींची थट्टा करते, मुकादमाची नक्कल करते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गरीब, शेतमजूर, दलित बायकांच्या त्या ओव्यांत कष्ट आहेत तशी भावाची चेष्टा आहे, जावेला मारलेला टोला आहे, सखीची मस्करी आहे. हा सगळा ठेवा समोर असताना आपल्या पडद्यावर गरीब बाईला फक्त रडायचाच परवाना का? आशा वर्करांची सहल, बचत गटातल्या बायकांचं पहिलं विमान, मासे विकणाऱ्या बहिणींचं भांडण, यांवर कुणी धमाल सिनेमा करायला घेतला तर त्यातल्या प्रत्येक गोष्टीला ओळखणारा प्रेक्षक या राज्यात बसलेला आहे.

तो प्रेक्षक थिएटरापर्यंत पोचण्याची अडचण मात्र खरी आहे. १७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. तालुक्याला जाऊन येणं निम्म्या खर्चात होऊ लागलं. पण तालुक्याला थिएटर उरलंय कुठे? जुनी थिएटरं बंद पडून तिथे मंगल कार्यालयं, गाळे झाले. जिल्ह्याच्या मल्टिप्लेक्सला तिकिटाचा दर परवडत नाही, आणि मराठी सिनेमाला अनेकदा वेळ मिळते ती भल्या सकाळची नाहीतर रात्रीची. या प्रेक्षकाची वेळ ठरलेली आहे: सकाळचा स्वयंपाक उरकल्यावर, मुलं शाळेतून परत यायच्या आत. ज्याला हा धंदा करायचा आहे त्याने एवढं तरी लक्षात घ्यावं.

नगरपालिकांच्या मालकीची नाट्यगृहं बऱ्याच गावांत आहेत आणि कामाच्या दिवशी दुपारी त्यांतली कित्येक बंदच असतात. तिथे प्रोजेक्टर बसवून आठवड्यातून दोनदा दुपारी बाराचा खेळ लावावा, तिकीट पन्नास रुपये ठेवावं, विक्री गावातल्या बचत गटांकडे द्यावी आणि त्यातला वाटाही त्यांना मिळावा. स्वच्छतागृह स्वच्छ असावं, आणि तान्ह्या मुलाला घेऊन आलेल्या बाईला दारावर अडवू नये. पहिल्या आठवड्यात खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर खेळ बंद करू नये. भिशीच्या पुढच्या बैठकीपर्यंत थांबावं.